खोक्यावरच्या सालावर जाऊ नका

गाड्यांच्या प्लॅस्टिक मॉडेल किटवरच्या लेखात '१/२४ आणि १/२५ मध्ये नावापुरताच फरक' असं वाक्य आहे, ते पटलं नाही. (१/२४ म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं मॉडेल.) १९५५ ते ५७ च्या शेव्हरोले नोमॅड या स्टेशन वॅगनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) ११५ इंच. म्हणजे १/२५ मध्ये ११६.८ मिमी आणि १/२४ मध्ये १२१.७ मिमी. पाच मिलिमीटरची ही तफावत एका किटची चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) दुसऱ्याच्या बॉडीखाली बसवायला गेलं की लगेच दिसते, चाकं कमानीच्या मधोमध येतच नाहीत.

किटच्या खोक्यावर छापलेलं साल बहुतेकदा त्या आवृत्तीचं असतं, भाग ज्यात ओततात त्या साच्याचं नव्हे. चॅसीच्या खालच्या बाजूला कोरलेलं साल सापडलं तर जास्त भरवशाचं.

अचूकता बघायची तर नोमॅडचं छत आणि मागचं दार बघा. छताच्या मागच्या भागात नऊ आडव्या खाचा, दारावर सात उभ्या क्रोम पट्ट्या. जुन्या, झिजलेल्या साच्यात आधी हेच बोथट होतं, आणि उरलंसुरलं आपण जाड प्रायमरने बुजवतो! खाचांतून आधी स्क्रायबर (रेघा कोरायचं टोकदार हत्यार) हलक्या हाताने फिरवा, मग प्रायमरचे दोन पातळ हात. पट्ट्यांना रंगापेक्षा मागून चिकट असलेला धातूचा पातळ वर्खच (फॉइल) बरा. तो क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) वाळल्यावरच लावायचा.

रेव्हेल कंपनीच्या ५७ च्या नोमॅडसारख्या, दारं उघडणाऱ्या किटमध्ये बॉडी सुट्या भागांत येते. दारं आतून मास्किंग टेपने जागेवर धरूनच बाजू आणि छत जुळवा. आधी बॉडी चिकटवली की फट एका बाजूला जमा होते आणि दार घासतं.