टेबल लेव्हलमध्ये आहे

दोन वर्षं रविवारची झोप मोडून काढलेल्या फोटोंतले चाळीस निवडले, पोर्टफोलिओची वेबसाईट केली, व्हिजिटिंग कार्डंपण छापली (शंभरच्या खाली छापतच नाही म्हणाला) आणि मग काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, फॅमिली ग्रुपवर लिंक टाकून खाली लिहिलं, "प्रामाणिक मत सांगा."

अर्धा तास नुसते आत्याचे जोडलेले हात. ते ती बारशालाही टाकते आणि तेराव्यालाही. मग तिचा फोनच आला. "अरे त्या शिवडीच्या चिखलात गुलाबी ठिपके कसले?" म्हटलं फ्लेमिंगो. "मग जरा जवळ जायचंस की!" आता तिला काय सांगणार, की पाणी चढायला लागलं की ते पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात, पण मी भरतीची वेळ चुकीच्या तारखेची बघितली आणि ऐन ओहोटीला पोचलो, त्यात लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५, तिच्यात फ्लेमिंगो काय, हत्तीपण ठिपकाच आला असता.

आईला दादरच्या फुलबाजाराचा फोटो दाखवला. पहाटे पाचला जाऊन काढलेला, ब्लॅक अँड व्हाईट, माझ्या मते सगळ्यात भारी. तिने चष्मा लावून बघितला. "शेवंती आहे की झेंडू?" मी म्हटलं अगं इथे रंग महत्त्वाचा नाही, उजेड बघ. "फुलबाजारात रंग महत्त्वाचा नाही?" मला अजून उत्तर सुचलेलं नाहीये.

पक्या लग्नांचे फोटो काढतो, म्हणजे आमच्यातला एकमेव पैसे मिळवणारा. त्याने वडापाव संपेपर्यंत चाळीसचे अकरा केले. "हे तीन एकच आहेत." वेगळे आहेत रे, वेगळ्या दिवशी काढलेत. "तुला माहितीय. बघणाऱ्याला काय?" माझ्याकडे सीएसएमटीचे सहा होते, त्यातला एक ठेवला, तोही पावसात रस्ता ओला होता म्हणून. पाच रात्री गेल्या.

बायको काहीच बोलली नव्हती, तेव्हाच मी सावध व्हायला पाहिजे होतं. भांडी लावता लावता म्हणाली, "सगळी माणसं पाठमोरी का?" मी सांगितलं, ती कॅंडिड स्टाईल आहे. "नाही, तुला विचारायची लाज वाटते." हे खरंय. दादरला त्या फुलवाल्या मावशींनी वळून बघितलं तर मी कॅमेरा खाली करून पावशेर झेंडू घेऊन आलो होतो. (म्हणजे झेंडूच होता.)

उरले बाबा. आयुष्य मिलमध्ये फिटर म्हणून गेलं. त्यांना सी लिंकचा दाखवला, दादर चौपाटीवर ट्रायपॉड लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर, पाणी दुधासारखं गुळगुळीत. बराच वेळ बघितलं, उठले, आणि माळ्यावरून स्पिरिट लेव्हल काढून लॅपटॉपच्या स्क्रीनवर धरली, क्षितिजाच्या रेषेला लावून. बुडबुडा डावीकडे सरकला. मी म्हटलं बाबा, टेबल वाकडं असेल. त्यांनी लेव्हल टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधोमध.

"टेबल ठीक आहे," बाबा म्हणाले. मग माझ्या गठ्ठ्यातलं एक व्हिजिटिंग कार्ड उचललं, चौपदरी घडी केली, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याखाली सरकवली आणि परत लेव्हल लावून बघितली.

"हां. आता बघ, चांगला आलाय."