लंडन–न्यूयॉर्क: पृथ्वी फिरते म्हणून वेळ वाचत नाही

'पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोहोचतं; लंडनहून तीन तासांत न्यूयॉर्क' असा मजकूर फिरतोय. प्रत्यक्षात उलटं घडतं. लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे ५,५४० किमी. जाताना साधारण आठ तास, येताना सात.

हवासुद्धा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे खालची जमीन 'सरकून' पुढे येत नाही. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे. सुमारे १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वारा १०० किमी धरा: पाठीशी असेल तर जमिनीवरचा वेग १,०००, समोरून असेल तर ८००. म्हणजे साडेपाच तास विरुद्ध जवळपास सात. वर धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आहेच. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, नुसती उडण्याची नव्हे.

'तीन तासांत न्यूयॉर्क' हा आकडा तर स्थानिक घड्याळांची थेट वजाबाकी केल्याने येतो. त्यात पाच तासांचा फरक (घड्याळं बदलण्याच्या काही आठवड्यांत चार) मिळवा.