खुलासा : ‘पारा ४० च्या खाली आहे, म्हणजे उष्णतेची लाट नाही’ हे गोव्यात खरे नाही

होळीच्या आसपास व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतो : ४० अंशांखाली लाट नसतेच, आणि समुद्राकाठी तर नाहीच. हे चूक आहे. ४० अंशांचा निकष मैदानी भागाचा. भारतीय हवामान विभाग किनारपट्टीसाठी कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त, असा निकष लावतो. मार्चमध्ये पणजीची दुपार साधारण ३२-३३ अंशांची. म्हणजे ३८ अंश ही इथे गंभीर गोष्ट आहे. मार्च २०२३ मध्ये गोव्यात शाळा दुपारी १२ च्या आत सोडाव्या लागल्या होत्या, हे लोक फार लवकर विसरले.

कारण वाऱ्यात आहे. एरवी दुपार होता होता समुद्राचे वारे सुटतात आणि पारा थांबतो. पूर्वेचे वारे जोरात असले की सह्याद्री उतरताना ती हवा आणखी तापते, समुद्राच्या वाऱ्याला अडवते. तो एक-दोन तास उशिरा आला तरी पारा चढतच जातो. नंतर वारा येतो तो दमटपणा घेऊन, मग घाम सुकत नाही.

म्हणून काजू गोळा करणे, वायंगणातली (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीतली) कामे सकाळी ११ पर्यंत आटोपा. घाम फार गेला तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चमचा चहाचा). मीठ वाढवू नका, त्याने अपाय होतो. हुर्राक (काजूच्या बोंडांच्या रसाची दारू) हा त्याला पर्याय नाही, उलट शरीरातले पाणी कमी होते. माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला, तोंडात काही ओतू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.