बोलताना समोर बघ

२२ वर्षं झाली पुण्यात गाडी शिकवतोय, म्हणून सिनेमे आणि गेम बघून गाडी चालवायच्या सवयी कशा बिघडतात, ते लिहितोय.

परवा पौड रोडला एका मुलाला घेऊन गेलो होतो. नुकती अठरा पूर्ण, लर्निंग लायसन्स खिशात. पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, मला येते गाडी. घरी गेमचं स्टीअरिंग आहे." हात खरंच बसलेला होता. पण एका गल्लीत उजवीकडे वळताना मला माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागला. गल्लीच्या तोंडाशी अ‍ॅक्टिव्हावर एक बाई थांबल्या होत्या, पुढे लहान मुलगी उभी, पाठीला दप्तर. त्याला त्या दिसल्याच नाहीत.

पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्यामागे अख्खी टू-व्हीलर लपते. जरा झुकून बघावं लागतं. गेममध्ये बहुतेक पोरं कॅमेरा गाडीच्या मागे, उंचावर ठेवतात. आपलीच गाडी बाहेरून दिसते, चारही बाजू मोकळ्या. खांब नाही, आरशाची गरज नाही. धडकलात तर एक बटण, गाडी परत रस्त्यावर.

सिनेमातल्या वेगाचा परिणाम होतोच. अमेरिकेत मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत संशोधकांनी वेगाच्या चलानांची नोंद तपासली. पकडले जाणारे मर्यादेच्या वर सरासरी ताशी १६ मैल असायचे. 'फास्ट अँड फ्युरियस'चा भाग लागल्यानंतरच्या वीकेंडला ते १९ वर गेले. आपल्याकडे २००४ मध्ये 'धूम' आला, तेव्हा रात्री एफसी रोडवर बाईक कशा पळायच्या ते मी पाहिलंय.

तरी मला जास्त भीती वाटते ती दुसऱ्याच दृश्याची. स्टंट हा स्टंट आहे, हे पोरांनाही कळतं. पण हीरो गाडी चालवतोय, पट्टा नाही, एक हात स्टीअरिंगवर, आणि शेजारणीच्या डोळ्यांत बघून निवांत बोलतोय, हे खोटं वाटतच नाही कुणाला. शूटिंगला ती गाडी बऱ्याचदा ट्रेलरवर चढवलेली असते, पुढचा ट्रक ओढत असतो, नाहीतर स्टुडिओत जागेवर उभी असते. नटाला रस्ता बघायचाच नसतो! आपण मात्र लहानपणापासून हेच बघतो आणि तसंच चालवतो. मागच्या सीटवरच्या पोरांकडे वळून बोलणारे बाप मी रोज बघतो. ताशी ४० च्या वेगात तीन सेकंद मान वळवली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कर्वे रोडला तेवढ्या अंतरात काय काय आडवं येतं, ते पुणेकरांना मी काय सांगू.

शिकायला येणाऱ्या पोरांच्या घरच्यांना हात जोडून सांगतो, सिनेमा बघू द्या, गेम खेळू द्या, पण तुम्ही स्वतः चालवताना कसं बोलता ते एकदा बघा. पोर शेजारीच बसलेलं असतं.

तो मुलगा आता वळताना आपणहून पुढे झुकतो, खांबामागे बघतो. काल तर रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांसाठी माझ्याआधी त्यानेच ब्रेक लावला. बोलताना मात्र अजून मान माझ्याकडे वळते. त्याला सांगून टाकलंय, ही सवय जाईपर्यंत गाडीत गप्पा बंद. जे विचारायचंय ते गाडी बाजूला लावून.