मागे बसतंच कोण?

काल लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "नानांनी तुमच्या गाडीचे ब्रेक दुरुस्त केले म्हणे. तुम्हीही होतात ना मदतीला?"

मदतीला! माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांची सालटं निघालीत, चार दिवस झाले तरी नखांतलं काळं ग्रीस जात नाही, कंबर अजून जिना चढताना आवाज करते. आणि मी म्हणे मदतीला होतो.

गाडी म्हणजे जुनी माझदा एमएक्स-५. हे मॉडेल १९८९ मध्ये आलं आणि माझी गाडी त्या पहिल्याच पिढीतली, त्यामुळे तिचं सगळंच वयोमानाप्रमाणे चालतं. ब्रेक दाबला की मागचं उजवं चाक किंचाळायचं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमटून धरणारे पॅड झिजले होते, दुसरं काही नाही. दोन तासांचं काम, असं सगळेच सांगतात. पुढच्या चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला (तो मागच्याच चाकांना धरतो), गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, चाक काढलं. इथवर वीस मिनिटं, आणि इथवर मी एकटा होतो. हे कुठेतरी लिहून ठेवलेलं बरं.

मग नाना आले.

नानांनी आयुष्यात गाडी घेतली नाही. त्यामुळे गाडीबद्दलचं त्यांचं ज्ञान वापरून झिजलेलं नाही, अगदी कोरं करकरीत आहे.

"काय, चाक काढलंत?"

चाक माझ्या शेजारी आडवं पडलं होतं. "हो," मी म्हणालो.

"पंक्चर?"

"नाही, ब्रेक. मागचे."

नानांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. आत डोकावून पाहिलं. "किती जण बसतात हिच्यात?"

"दोन."

"आणि मागे?"

"मागे सीटच नाही, नाना."

"मग मागे बसतंच कोण? मागचे ब्रेक हवेत कशाला?"

मी पाना खाली ठेवला. काही चुका इतक्या घडीव असतात की त्यांना बोट लावायलाही जागा सापडत नाही. त्यातून पंचाईत अशी, की ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवायचं बरंचसं काम पुढचेच ब्रेक करतात. मागचे आपले साथीला. हे मी नानांना समजावून सांगितलं. नको होतं सांगायला.

"म्हणजे मी म्हणतो तेच," नाना म्हणाले आणि मोबाइलचा टॉर्च लावून बसले. बसले ते माझ्या टूलबॉक्सवर. तिथून पुढे दर पान्याला "नाना, जरा उठता?"

टॉर्च धरणं ही सोपी गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. लहानपणी मीही वडिलांना टॉर्च धरायचो आणि "तू बघतोयस तिथे नको, मी बघतोय तिथे धर" हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकलो. रविवारी ते वाक्य जसंच्या तसं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नाना वडीलधारे. मी फक्त "जरा इकडे" म्हणालो. टॉर्च माझ्या डोळ्यांवर आला.

आता पिस्टन. नवे पॅड जाड असतात, ते बसायचे तर कॅलिपरमधला, म्हणजे पॅड आवळणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन आत जायला हवा. पुढच्या ब्रेकचा पिस्टन क्लॅम्पने आवळला की मुकाट आत जातो. मागच्यालाही मी तोच न्याय लावला. दीड तास आवळत होतो. तीन वेळा क्लॅम्प सटकला, सालटं गेली ती तेव्हाच. पिस्टन केसभरही हलला नाही.

"जात नाहीये का?" नाना.

"नाही."

"जोर लावा."

तेवढ्यात त्यांना फोन आला. टॉर्च न विझवताच त्यांनी तो कानाला लावला. "हो, हो, खालीच आहे. ब्रेक करतोय गाडीचे. नाही, नाही, होईल तासाभरात. पिस्टन अडकलाय जरा." त्यांच्या कानापासून निघालेला उजेड भिंतीवर गेला, छतावर गेला, मग ते वळले आणि उजेड कॅलिपरच्या पाठीवर पडला. तिथे एक बोल्ट होता. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

१४ नंबरच्या पान्याने तो उघडला. आत ४ नंबरच्या ॲलन कीचं भोक. की घालून उलटी फिरवली आणि दीड तास न बधलेला पिस्टन गपगुमान आत सरकला. हँडब्रेकची यंत्रणा याच कॅलिपरच्या पोटात असते, आतला पिस्टन आट्यांवर बसलेला असतो. तो दाबायचा नसतो, फिरवून घ्यायचा असतो. हे सगळं दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलंय. पुस्तक टूलबॉक्सच्या तळाशी होतं आणि टूलबॉक्सवर नाना होते.

पुढचं काम पंधरा मिनिटांचं. पॅड बसवले, पॅड डिस्कला टेकेपर्यंत की सुलट फिरवली, तिसरा हिस्सा फेरा मागे घेतला, बोल्ट लावला, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहिलो. डावं चाक नाना जेवायला गेल्यावर केलं. त्याला एकूण चाळीस मिनिटं लागली. वहिनींना हे कोण सांगणार?

डिस्क ब्रेकचं पेटंट लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने घेतलं १९०२ मध्ये. १९५३ मध्ये जग्वारने ले मान्सची शर्यत मारली तीही डिस्क ब्रेक लावून. त्या लोकांना टॉर्च कोणी धरला, याची कुठे नोंद नाही. पूर्वी मला यात काही वावगं वाटत नसे. आता शंका येते, कोण जाणे, टॉर्च लँचेस्टरनेच धरला असेल.

आणि खरी जळजळ ही, की तो बोल्ट दिसला नानांच्या उजेडात. वहिनींना खोडून काढायला तोंड उघडलं होतं मी लिफ्टमध्ये, पण हे आठवलं आणि मिटलं. मग त्यांचा मजला आला.

सोमवारपासून रोज सकाळी नाना गेटपाशी हात वर करून उभे असतात. मी ब्रेक दाबतो. गाडी थांबते. ते खिडकीशी वाकून विचारतात, "धरतायत ना आपले ब्रेक?"

आपले.

पुढचे पॅडही आता फार दिवस टिकणार नाहीत. ते मी रात्री दोन वाजता बदलणार आहे, टॉर्च दातांत धरून.