‘खाण आली की शाळा येते’ या संदेशाचा प्रतिवाद

‘खाण आली की शाळा येते’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश गेले काही आठवडे पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. असे संदेश मी सहसा वाचून सोडून देतो. परंतु सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने त्यातले मुद्दे सरावाच्या निबंधात जसेच्या तसे उतरवले आणि वर ‘मामा, यात खोटं काय आहे ते दाखव’ असे म्हटले, तेव्हा गप्प राहणे मला शक्य झाले नाही. उद्या हीच मुले तहसीलदार आणि गटविकास अधिकारी होणार आहेत.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मागास भागात खाण आली की तिच्यामागून शाळा येते आणि सगळा जिल्हा शिकतो, बस्तर हे त्याचे उदाहरण. कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के शिक्षणावर खर्च करावेच लागतात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणींकडून जमा होणाऱ्या जिल्हा निधीचा, पैसा थेट गावकऱ्यांच्या हाती जातो. स्थानिकांना नोकऱ्या मिळतात. गोवा खाणींमुळे सुशिक्षित झाला. आणि ज्या आदिवासींना शिक्षणाची किंमत कळत नाही तेच खाणीला विरोध करतात; ओडिशातल्या नियमगिरीत बाहेरच्या लोकांनी फूस लावून त्यांना अडाणी ठेवले.

बस्तरचे उदाहरण संदेशकर्त्याने स्वतःच दिले आहे, तेव्हा तेच आधी तपासू. बस्तरमधल्या दंतेवाडा जिल्ह्यातल्या बैलाडिलाच्या डोंगरात, किरंदुल येथे, सरकारी मालकीची लोहखनिजाची खाण १९६८ मध्ये सुरू झाली. खनिज विशाखापट्टणम बंदरात नेऊन जपानला पाठवण्यासाठी डोंगरदऱ्यांतून रेल्वेमार्गही तयार झाला. म्हणजे रूळ आले, याबद्दल वाद नाही. साक्षरतेचे काय झाले? खाण सुरू होऊन ३३ वर्षे लोटल्यावर, २००१ च्या जनगणनेत, तेव्हाच्या अविभक्त दंतेवाडा जिल्ह्याची साक्षरता ३० टक्क्यांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ४२.१२ टक्के झाली. त्याच वर्षी छत्तीसगड राज्याची साक्षरता ७०.२८ टक्के होती.

यावर दोन आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की माओवादी हिंसाचारामुळे आणि सलवा जुडूम या माओवाद्यांविरुद्धच्या सशस्त्र मोहिमेच्या काळातल्या होरपळीमुळे शाळा बंद पडल्या, त्याचे खापर खाणीवर का फोडायचे? फोडू नये. पण सलवा जुडूम २००५ मध्ये सुरू झाला आणि ३० टक्क्यांचा आकडा त्याच्या चार वर्षे आधीचा आहे. दुसरा आक्षेप असा, की तेव्हाच्या जिल्ह्यात आजचे सुकमाही येत होते आणि खाणीपासून लांबच्या या भागाने सरासरी खाली ओढली. तेही मान्य. मात्र सगळा जिल्हा शिकतो असा दावा संदेशाचा आहे, माझा नाही. शिवाय हे एकट्या दंतेवाड्याचे नाही. झारखंडच्या पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात नोआमुंडीची खाण १९२५ पासून चालू आहे. २०११ मध्ये तिथली साक्षरता ५८.६३ टक्के आणि राज्याची ६६.४१ टक्के होती. ओडिशातले केंदुझर हा तर देशातल्या सर्वांत मोठ्या लोहखनिज जिल्ह्यांपैकी एक, तिथे ६८.२४ टक्के, राज्यात ७२.८७ टक्के. हे सगळे आकडे जनगणनेचे आहेत आणि २०२१ ची जनगणना झालीच नसल्याने जनगणनेचे याहून नवे आकडे नाहीत. खाणीमुळे साक्षरता घटली असे मी त्यांवरून म्हणत नाही. खाण आली की शाळा आपोआप येते हे विधान त्यांपुढे टिकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करायला हवी. दंतेवाड्याजवळ जावंगा येथे मोठे शैक्षणिक संकुल उभे राहिले आहे, त्याला खाण कंपनीचा पैसा लागला आहे आणि दूरच्या पाड्यांतली मुले तिथे राहून शिकत आहेत. हे चांगलेच झाले. पण ते झाले खाण सुरू झाल्यावर सुमारे चार दशकांनी आणि जिल्हा प्रशासनाने मनावर घेतल्यामुळे. तोवर दोन पिढ्या शाळेविना मोठ्या झाल्या होत्या.

खरे तर यासाठी बस्तरपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. ज्या खडीवर पुण्याच्या इमारती उभ्या आहेत ती वाघोलीच्या दगडखाणींतून आली. तिथे दगड फोडणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी खाणीवरच ‘पाषाण शाळा’ काढाव्या लागल्या आणि त्या काढल्या संतुलन या संस्थेने. महानगराच्या वेशीवर ही स्थिती असेल, तर जंगलातल्या खाणीमागून शाळा चालत येईल ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? ‘पालकांच्या हाती पैसा आला की मूल शाळेत टिकते’ असेही एक वाक्य संदेशात आहे. झारखंडमध्ये कोडरमा आणि गिरिडीहच्या अभ्रकपट्ट्यात मुले आईवडिलांसोबत ‘ढिबरा’, म्हणजे अभ्रकाचे तुकडे, वेचायला जातात, कारण तुटपुंज्या मजुरीत सगळ्या घराचे हात लागल्याशिवाय चूल पेटत नाही. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या पाहणीत तिथली ६ ते १४ वयोगटातली साडेचार हजारांहून अधिक मुले शाळेत जात नसल्याचे आढळले. तो उद्योग बेकायदेशीर आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. त्या मुलांना त्याचा काही उपयोग नाही.

आता पैशाविषयी. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. या कामांच्या यादीत शिक्षण आहे, तसेच क्रीडाप्रशिक्षण, वारसास्थळांचे जतन आणि पंतप्रधान मदतनिधीही आहे. ज्या भागात कंपनी काम करते त्याला प्राधान्य द्यावे, इतकेच कायदा म्हणतो. ‘शिक्षणावर करावेच लागतात’ हे संदेशकर्त्याच्या पदरचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या समता खटल्यात, अनुसूचित क्षेत्रातल्या खाणींबाबत, निव्वळ नफ्याचा किमान २० टक्के भाग आरोग्य, शिक्षण, रस्ते अशा सोयींसाठी कायमचा बाजूला ठेवावा असे म्हटले होते, हेही परीक्षार्थींनी लक्षात ठेवावे.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान खाणकायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने आले. खाणपट्टा लिलावाने दिलेला असेल तर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) १० टक्के आणि जुना असेल तर ३० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यात जमा होते. लोहखनिजाचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के असते. याचा अर्थ शंभर रुपयांच्या खनिजामागे या निधीत जुन्या पट्ट्यांतून फार तर साडेचार रुपये येतात आणि लिलावाच्या पट्ट्यातून दीड. तोही गावकऱ्याच्या हातात पडत नाही. तो न्यासाकडे जातो आणि त्याचे वाटप जिल्हा पातळीवरच्या बैठकीत ठरते. चांगला जिल्हाधिकारी असेल तर यातून वर्गखोल्या होतात, हे खरे आहे.

नोकऱ्यांच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करत नाही. सुरजागडच्या खाणीत गडचिरोलीतल्या तरुणांना कामे मिळाली आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र बैलाडिलात १९७८ मध्ये यंत्रे आल्यावर हजारो कंत्राटी मजुरांना घरी बसवले गेले आणि त्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, हाही त्याच उद्योगाचा इतिहास आहे.

सर्वांत संतापजनक मुद्दा नियमगिरीचा, म्हणजे तिथल्या डोंगरावर होऊ घातलेल्या बॉक्साइटच्या खाणीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निकाल दिला, की डोंगरावरच्या लोकांचे वनहक्क आणि त्यांची श्रद्धास्थाने यांचा विचार ग्रामसभांनी करावा. त्याप्रमाणे जुलै आणि ऑगस्टमध्ये रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या १२ गावांच्या सभा न्यायिक अधिकाऱ्याच्या उपस्थितीत झाल्या. बाराही सभांनी खाणीला नकार दिला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भरलेल्या आणि न्यायाधीशासमोर पार पडलेल्या सभांना ‘बाहेरच्यांची फूस’ म्हणायचे असेल, तर मग आपण निवडणुकांनाही तेच म्हणावे लागेल. रायगडा जिल्ह्याची साक्षरता २०११ मध्ये ४९.७६ टक्के होती, हे खरे. परंतु ज्यांच्या दारात शाळा पोचवली गेली नाही त्यांनाच अडाणी म्हणायचे, आणि त्या अडाणीपणाचा दाखला देऊन त्यांचा नकार मोडीत काढायचा, हा कुठला न्याय? २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी. ती जबाबदारी सरकारची आहे. जमीन दिल्याबद्दल मिळणारे बक्षीस म्हणून शाळेची मांडणी करणे म्हणजे आधीच देणे असलेली वस्तू दुसऱ्यांदा विकणे होय, आणि संदेशाचा सगळा डोलारा या एका चलाखीवर उभा आहे.

राहिला गोवा. तिथली साक्षरता २०११ मध्ये ८८.७० टक्के होती आणि तिथे खाणी होत्या, या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना चिकटवल्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही. शेजारच्या सिंधुदुर्गाची साक्षरताही तेव्हा ८५.५६ टक्के, म्हणजे महाराष्ट्राच्या ८२.३४ टक्क्यांहून अधिक होती, आणि त्याच जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे येथे लोकांनी लोहखनिजाच्या खाणीला कडाडून विरोध केला. काजू-सुपारीच्या बागा आणि गावचे पाणी जाईल, ही त्यांची धास्ती होती. त्या लोकांना तरी कोणी निरक्षर म्हणू शकणार नाही.