'पिटमध्ये कधी पाय ठेवलाय का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'स्पष्टवक्ता',

प्रतिक्रिया दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा त्यातला खवचटपणाच तेवढा दिसला. मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारींच्या शर्यतींचे जुने संकेत मी लिहिले, त्यावर तुम्ही म्हणता: हिरवी गाडी अशुभ, भुईमुगाच्या शेंगा अशुभ, बायकांना पिटमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या तयार करतात त्या जागेत) बंदी, यात कौतुक कसलं? 'चड्डी घालून पिटमध्ये यायचं नाही' हा म्हाताऱ्यांचा माज. आणि शेवटी, लिहिण्याआधी पिटमध्ये कधी पाय ठेवलाय का? मुद्दा सांगायला एवढी फोडणी लागते का हो?

एक चूक कबूल. लेखात एके ठिकाणी 'पेट्रोलची टाकी' असं पडलंय. स्प्रिंट कार, म्हणजे या मातीच्या ट्रॅकवरची शर्यतीची गाडी, मेथॅनॉलवर (एक प्रकारच्या अल्कोहोलवर) चालते. दाखवून दिलंत, आभार. पण ज्याला हे ठाऊक आहे त्यानेच चड्डीचं ते वाक्य लिहावं?

पाय ठेवलाय. आयोवातल्या नॉक्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर सहा हंगाम, शनिवारच्या शनिवारी, मनगटाला पिट पासची पट्टी बांधून. एवढं पुरे.

आता चड्डी. मेथॅनॉलची ज्योत फिकट निळी असते आणि धूर जवळजवळ नसतोच. ऊन असताना, म्हणजे नेमकं हॉट लॅप्सच्या (शर्यतीआधीच्या सरावाच्या फेऱ्यांच्या) वेळी, ती दिसत नाही. माणूस नुसता हात झटकत उड्या मारताना दिसतो. इंडियानापोलिसच्या शर्यतीत 1981 साली चालक रिक मिअर्सच्या पिटमध्ये अशीच न दिसणारी आग लागली होती. शिवाय हे इंधन पेट्रोलच्या दुपटीहून जास्त लागतं (हवेशी प्रमाण साधारण 6.5 ला 1, पेट्रोलचं 14.7 ला 1), त्यामुळे कॅन जास्त, ओतणं जास्त, सांडणंही जास्त. उघड्या पोटरीवर सांडलं तर कातडीतून अंगात भिनतं, आणि ते विषारी आहे. नायलॉनची ट्रॅक पँट तर चड्डीहून वाईट. वितळून कातडीलाच चिकटते. म्हणून जाड सुती जीन्स आणि बंद बूट. शेजारी पाण्याची भरलेली बादली असते तीही उगाच नाही. मेथॅनॉल पाण्यात मिसळतं, पण बादली एकदम रिकामी करायची. चार शिंतोडे मारलेत तर पातळ झालेलं मेथॅनॉलही जळत राहतं, वर पसरतं ते वेगळंच.

'गाडीच्या पुढे उभं राहायचं नाही' यालाही तुम्ही माजात जमा केलंत. या गाडीला स्टार्टर नाही, क्लच नाही. गिअर आधीच टाकलेला, मागून पुश ट्रक ढकलतोय. चालक ऑइलच्या प्रेशरचा काटा चढेपर्यंत थांबतो, मग मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) स्विच टाकतो. 410 क्युबिक इंचांचं इंजिन पकडलं की गाडी पुढे झेपच घेते. कधी, हे ट्रकवाल्यालाही आधी कळत नाही. पुढे उभ्या असलेल्याला तर नाहीच नाही.

हिरव्या रंगाचं म्हणाल तर चालक जिम क्लार्कने 1965 साली हिरव्या लोटस गाडीत इंडियानापोलिस 500 जिंकली, हे माझ्याच लेखात आहे. शेवटपर्यंत वाचायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं. शेंगांची बाजू मी कुठेही घेतलेली नाही.

बायकांच्या बंदीबद्दल: होती, वाईट होती. सेरा ख्रिश्चन 19 जून 1949 ला शार्लटच्या मातीवर नॅस्कार या अमेरिकी शर्यत-संघटनेची पहिली स्ट्रिक्टली स्टॉक (कारखान्यातून आलेल्या साध्या गाड्यांची) शर्यत धावली, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं बायकांना पिटच्या दारातून परत पाठवत होते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो कधी लिहायचा हे तुम्ही ठरवू नका.

'पेट्रोल' आज दुरुस्त केलंय. फोटो नाहीत ही तक्रारही होती. पिटमध्ये माझे हात रिकामे नसतात.